डाव्या हाताच्या जोड्या

१

ओल्या बोंबलात मासा कमी, पाणी जास्त. हातात धरला तर घरंगळतो, टोपलीत ठेवला तर दुपारपर्यंत त्याचा गाळ होतो. म्हणून बोट लागली की पाचूबंदरच्या बाया गप्पा मारत उभ्या राहत नाहीत. टोपली उचलायची, वाळूवर आणायची, दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरावर टाकायची. एक बोंबील दोराच्या या अंगाला, दुसरा त्या अंगाला. बांबू रोवून त्यांच्यावर एकाखाली एक असे दोर ताणलेले असतात, सगळ्यात वरचा डोक्याहून उंच. त्याला वलांडी म्हणतात. दोन भरलेल्या वलांड्यांच्या मधून चाललं की दोन्ही बाजूंना बोंबलांचे पडदे आणि वर पट्टीएवढं आभाळ.

बर्था हे काम नवव्या वर्षापासून करत होती. चौथीपर्यंत शाळा, पुढं वलांडी. आता बावन्न पूर्ण झाली होती आणि बोटांची टोकं बोंबलाच्या दातांनी चाळणीसारखी झाली होती. नवरा बारा वर्षांमागं गेला. स्वतःचं मूल नाही. घरात ती आणि बहिणीची मुलगी शॅनन, दोघीच.

जोडी लावताना डावा हात धरतो आणि उजवा घुसवतो. त्यामुळं वर चढलेला जबडा कायम दर्याकडं येतो. हे कुणी ठरवून करत नाही, हाताला दुसरं येतच नाही. भरलेली वलांडी एका टोकाकडून बघितली की वरचे सगळे जबडे दर्याकडं, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे.

जानेवारीतल्या त्या सोमवारी बर्था आदल्या दिवशीचे बोंबील चाचपत चालली होती. तिसऱ्या वलांडीच्या मधल्या दोरावर एका जोडीचा जबडा गावाकडं होता.

ती थांबली.

"रोझलीन," तिने हाक मारली, "ही जोडी कोनी लावली?"

रोझलीन शेजारच्या वलांडीवाली. वयाने बर्थाएवढीच, तोंडाने दुप्पट. "काय झाला जोडीला?"

"तोंड बघ तिचा."

"सकाळी सकाळी मेलेल्या बोंबलाचा तोंड कशाला बघू? तुझा बघितला तेवढा पुरे हाय."

बाकीच्या बाया हसल्या. बर्था हसली नाही. तिने जोडी सोडवली, फिरवून लावली आणि पुढं गेली. दहा पावलांवर तिने मागं वळून बघितलं, आणि आपण का वळलो म्हणून स्वतःवरच चिडली.

२

उलटी जोडी लावणारी एकच बाई त्या वाळूवर होऊन गेली. डायना, बर्थाची धाकटी बहीण. डावरी होती. आईने लहानपणी हातावर पळी मारून बघितली, पण हात बदलला नाही. तिची वलांडी लांबून ओळखू यायची, सगळे जबडे गावाकडं.

सतरा वर्षांमागं, फेब्रुवारीत, डायना नवऱ्याला सोडून दोन वर्षांच्या शॅननला कडेवर घेऊन बर्थाकडे आली. नवरा आलोशियस. स्वतःची बोट, गोड बोलणं, आणि दार लावलं की हात सुटणारा. आठ दिवसांनी भर दुपारी, सगळ्या बाया जेवायला घरी गेल्या असताना, डायना दोन वलांड्यांच्या मधे पडलेली सापडली. गळ्याला दोराचा वळ. दोर वलांडीचाच.

आलोशियस म्हणाला, मी दर्यात होतो. त्याच्या बोटीवरची चारही माणसं म्हणाली, दर्यात होता. बर्थाने साडेबाराला रस्त्याकडच्या क्रूसाजवळून त्याला जाताना पाहिलं होतं, पण पाठमोरा. पाठ बघून माणूस ओळखता येतो, पाठ दाखवून त्याला कोर्टात उभा करता येत नाही. मयताला तिने त्याच्या मनगटावर तीन ताजे ओरखडे पाहिले. दुसऱ्या दिवसापासून तो लांब बाह्यांचा शर्ट घालायला लागला. तपास लागला नाही असं लिहून फाईल बंद झाली. पुढं त्याने अर्नाळ्याची दुसरी बायको केली. ती वर्षाच्या आत हाताला प्लास्टर घालून माहेरी परतली, आणि त्याबद्दल अजून कुणाशी बोललेली नाही.

या जानेवारीत ती फाईल परत उघडली. जुन्या खुनांचे कागद बघायला नेमलेल्या विनया मॅडम बर्थाच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसल्या. चहा प्यायल्या. खोटं बोलल्या नाहीत, एवढं बर्थाला त्यांचं आवडलं.

"मावशी, कोणी केलं ते मला पण कळतंय," त्या म्हणाल्या. "पण कळणं वेगळं आणि कोर्टात टिकणं वेगळं. बोटीवरच्या चौघांपैकी दोघं वारले. दोर गोदामातून गहाळ झालाय. बाई झटापट करते तेव्हा मारणाऱ्याची कातडी नखांत येते. तेवढं मिळालं असतं तरी आज त्याला आत टाकला असता. कागदावर लिहिलंय, नखं स्वच्छ होती. मासळीवाल्या बाईची नखं स्वच्छ, हे मला समजत नाही."

बर्थाने मॅडमचा रिकामा कप उचलला.

"तुम्हाला काही माहीत आहे?"

"नाय," बर्था म्हणाली.

३

मंगळवारी उलट्या जोड्या तीन होत्या. बुधवारी सात. शुक्रवारी मधला पूर्ण दोर.

बर्था भुताखेतांना भिणारी बाई नव्हती. दर्या नवरा घेऊन गेला तेव्हासुद्धा तिने फादरांना सांगितलं होतं, मला समजवू नका, मला टोपल्या उचलायच्या आहेत. तिने सरळ हिशेब लावला. कुणीतरी मुद्दाम करतंय. फाईल उघडल्याचं गावभर झालं होतं, आलोशियसचे मित्र अजून गावात होते, बाईला घाबरवून गप्प करायचा हा एक मार्ग. तिने वलांडीच्या दोन्ही तोंडांना गुडघ्याएवढ्या उंचीवर लाल दोरा बांधला. कुणी आत शिरला तर तुटेल.

शनिवारी दोरा जागच्या जागी होता आणि दोन दोर उलटले होते.

मग तिला स्वतःचाच संशय आला. विनया मॅडमनी जुनं सगळं ढवळून काढलं, डोक्यात दिवसभर डायना, हात आपोआप तसे चालत असतील. म्हणून तिने मुद्दाम डाव्या हाताने जोडी लावून बघितली. पहिला बोंबील निसटला. दुसऱ्याचा दात नखाच्या खाली शिरला आणि रक्त आलं. एक जोडी लावायला तिला नेहमीच्या वीस जोड्यांचा वेळ लागला, आणि लागली तीही वाकडी. दोरावरच्या जोड्या वाकड्या नव्हत्या. ज्या हाताने आयुष्यभर तेच केलंय त्या हाताच्या होत्या, एकीला एक चिकटलेल्या, मधे बोट शिरणार नाही अशा.

"रोझलीन, तुला दिसतंय ना हे?"

रोझलीनने बघितलं. "वाऱ्याने फिरल्या असतील," ती म्हणाली.

"वारा जबडा सोडवून परत लावतो काय?"

"मग तू सांग."

बर्थाने त्यातली एक जोडी सोडवून नाकाशी नेली. बोंबलाला बोंबलाचाच वास होता. पण जबड्यापाशी, जिथं बोटं लागतात तिथं, लिंबाचा होता.

तिने जोडी वाळूत टाकली आणि वरून पायाने वाळू ओढली.

४

रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपवून बर्था आणि शॅनन घरी आल्या, तर ओट्यावर आलोशियस. पन्नाशी उलटली तरी केस काळे, हातात केकचा खोका. दोन वर्षं झाली, तो शॅननशी फोनवर बोलत होता. बर्थाला ते माहीत होतं. एकोणीस वर्षांच्या पोरीचा फोन हिसकावून घेता येत नाही.

"बर्था, तब्येत उतरली तुझी," तो म्हणाला.

"तुझी चढली. काय काम?"

"काम काय, पोरीला बघायला आलो. नायगावला चौदाव्या मजल्यावर घर घेतलाय. स्टेशन दहा मिनटं. हिचा कॉलेज अंधेरीला, इथून रोज मरते बिचारी. माझ्याकडे राहील. मला पन चार घास करून घालील."

"असं म्हन ना. घास घालायला पाहिजे."

"मावशी, प्लीज," शॅनन मधे पडली. "मीच हो म्हटलंय. पुढच्या शनिवारी जाते."

"तुझ्या आईला यानं मारली," बर्था त्याच्यासमोरच म्हणाली. सतरा वर्षं ती हे मोठ्यानेच बोलत आली होती, कधी कुजबुजली नव्हती.

आलोशियसने खोक्याची सुतळी सोडायला घेतली. शॅननचा चेहरा लाल झाला. "लहानपणापासून ऐकतेय मी हे. प्रूफ काय आहे? पोलिसांनी पण सोडलं ना. तू नक्की बघितलंस? नाही ना?"

"नाय."

"मग झालं."

सुतळी ओढताना त्याची बाही वर सरकली. मनगटावर तीन ओरखडे होते. ताजे, लाल, कडेला फुगलेले. सतरा वर्षांपूर्वी होते तिथंच, तेवढ्याच अंतरावर.

"हे काय झाला?" बर्थाने विचारलं.

त्याने बाही खाली ओढली. "जाळ्याचा लागला."

"बोट विकून सहा वर्षं झाली तुला."

तो तिच्याकडे बघत राहिला. आणि बर्थाच्या लक्षात आलं की ओरखडे कसले आहेत ते त्यालाही माहीत नाही. माणूस खोटं बोलतो तेव्हा डोळे चुकवतो. हा डोळे रोखून बघत होता, जणू तिनेच आता त्याला सांगावं.

५

पोरगी सहा दिवसांनी त्या घरात जाणार आणि थांबवायला हातात काही नाही. बर्था दुसरा कसला विचारच करू शकत नव्हती. ओरडून झालं. रुसून झालं. अर्नाळ्याच्या त्या दुसऱ्या बायकोकडे जाऊन झालं. तिने दार अर्धं उघडलं, तेव्हा मोडलेला हात उराशी धरला आणि म्हणाली, "मला नको विचारू बाय," आणि दार लावलं.

बुधवारी बाया जेवायला गेल्या तरी बर्था वाळूवरच राहिली. तिसऱ्या वलांडीच्या बाहेर टोपली पालथी घालून तिच्यावर बसली. कुणी येणार असेल तर याच वेळेला येणार, जेव्हा डायना सापडली होती त्याच वेळेला, असं तिच्या मनाने घेतलं होतं. कोण येणार, हे मात्र तिने मनातसुद्धा पुरतं म्हटलं नव्हतं.

ऊन डोक्यावर. वारा पडलेला. कावळेसुद्धा कुठं बसले होते कोण जाणे. नाहीतर वलांडीवर दुपारी कावळ्यांना हाकलता हाकलता हात दुखतात.

मग आवाज आला. फार लहान आवाज. बोंबलाचा जबडा जबड्यात बसतो तेव्हा एक टक होतो, शेंग मोडल्यासारखा. बाया बोलत असल्या की तो कुणाला ऐकू येत नाही. आता कुणी बोलत नव्हतं.

टक. मग जोडी दोरावर पडल्याचा ओला थापटा. टक.

पडद्याच्या पलीकडं कुणीतरी काम करत होतं. घाई नाही, थांबणं नाही. बर्थाला तो ठेका ओळखू आला आणि ओळखू आल्याचा राग आला. दोन बहिणी शेजारी शेजारी उभ्या राहून जोड्या लावायच्या तेव्हा तिचा टक आणि डायनाचा टक एकमेकांच्या मधे पडायचे. आताही मधे जागा सोडलेली होती. एक टक, मग बर्थाच्या टकएवढी शांतता, मग एक टक.

ती खाली वाकली. सगळ्यात खालचा दोर वाळूपासून हातभर उंच होता. त्याच्या खालून पलीकडची वाळू दिसत होती. वाळूवर पाय नव्हते.

आवाज तिच्या समोर येऊन थांबला.

बर्था आवाज चढवूनच म्हणाली, कारण हळू बोलायची तिला सवय नव्हती, "माझ्याकडं काय मागतेस? मी पोर वाढवली. मला नाय थांबवता येत तिला. तुला येत असेल तर बघ."

पडदा हलला नाही. थोड्या वेळाने कावळे आले.

६

शनिवारी सकाळी अकराला शॅनन पाठीवर बॅग लावून वाळूवर आली. बर्थाने घरी निरोप घ्यायला नकार दिला होता, म्हणून पोरगीच इकडं आली. दोघी वलांड्यांच्या बाहेर, पाण्याच्या बाजूला उभ्या होत्या.

"मी दर रविवारी येईन. प्रॉमिस."

"ती अर्नाळ्याची पन माहेरी म्हनायची, दर रविवारी येईन."

"मावशी, तू मला घाबरवून ठेवणार आहेस का आयुष्यभर?"

तेवढ्यात वर रस्त्याकडं आलोशियस दिसला. रिक्षा उभी करून तो क्रूसापाशी थांबला होता. सतरा वर्षांत तो त्या क्रूसाच्या पुढं, वाळूवर, कधी उतरलेला नव्हता. बोट होती तोवर तीही धक्क्यालाच लावायचा. आता त्याने कपाळावर हात धरून वलांड्यांकडं बघितलं आणि हाक मारली, "शॅनन, चल, रिक्षा थांबलीय."

शॅनन हात वर करणार होती. पण तो तिच्याकडं बघतच नव्हता. तो तिसऱ्या आणि चौथ्या वलांडीच्या मधल्या बोळाकडं बघत होता. तिथंच कुणीतरी उभं असल्यासारखा हसला, खाली उतरला आणि आत शिरला.

"पप्पा कुठं चाललेत? मी इथं आहे," शॅनन म्हणाली.

"थांब," बर्थाने तिचं मनगट धरलं.

पडद्याच्या आड त्याची पावलं वाळूत रुतत आली आणि साधारण मधे थांबली. बोंबलांच्या फटींतून त्याचा निळा शर्ट तुकड्या तुकड्यांनी दिसत होता.

"अशी पाठ करून काय उभी?" तो आत म्हणाला. गोड आवाजात. "रागावली काय मावशी? चल. बॅग कुठाय तुझी?"

आणखी एक पाऊल वाळूत रुतलं. मग, "हात कशाला ओले केलेस?"

त्यानंतर तो बोलला तेव्हा आवाज दुसराच होता, पातळ, घाईचा, आणि बाप मुलीशी बोलतो तसा नव्हता.

"मी एवढा आवळला नसता. तू नखं मारलीस म्हनून. तू गप पडली असतीस तर मी सोडनार होतो. देवाशपथ सोडनार होतो. आता सोड. डायना, सोड हात."

बर्था वाकली. वाळूवर फक्त त्याचे दोन पाय होते, टाचा वर उचललेल्या, कुणी वर ओढत असल्यासारख्या. ती उभी राहिली. दोन जोड्यांच्या मधल्या फटीत, त्याच्या मनगटाभोवती, तिला बोटं दिसली. चार. पाण्यात राहून सुरकुतलेली, लिंबाने पांढरी पडलेली. नखं स्वच्छ, कोरलेली, कडेपर्यंत. ती नखं तिने स्वतः कोरली होती.

तिने डोळे मिटले नाहीत. पण वारा आला, जोड्या हलल्या, आणि फटीत परत फक्त निळा शर्ट उरला.

आलोशियस दुसऱ्या टोकाने बाहेर आला. बाही फाटली होती, मनगटातून रक्त गळत होतं. तोंड मात्र नेहमीचं. "ऊन लागला मला," तो म्हणाला. "चल शॅनन."

"कुणाशी बोलत होता तुम्ही?"

"कोनाशी नाय."

"आईचं नाव घेतलंत."

तो एकदा तिच्याकडं बघे, एकदा वलांडीच्या बोळाकडं. मोजणीत काहीतरी चुकल्यासारखा. "तू तर आत होतीस," तो म्हणाला.

शॅनन मागं सरकली, बर्थाच्या खांद्याला टेकली. "मी नाही येत. तुम्ही जा."

तो बडबडला काहीतरी, मावशीने पोर बिघडवली वगैरे. मग गेला. चढ चढताना दोनदा थांबला, कुणी मागं राहिलं तर थांबतात तसा. रिक्षात बसला तेव्हा आधी आतल्या बाजूला सरकला आणि शेजारची जागा मोकळी सोडली.

७

विनया मॅडमनी त्याच दुपारी पोलीस ठाण्यात सगळं ऐकून घेतलं. लिहायला पेन घेतलं होतं, ते अर्ध्यावर थांबलं.

"तो हे कुणाला उद्देशून म्हणाला?"

"आईला," शॅनन म्हणाली.

"शॅनन, मला पटतंय ते सोड. वकील विचारेल, समोर कोण होतं. कुणी नव्हतं म्हटलंत तर तो वेडसर ठरेल, त्याचं बोलणं वाया. होतं म्हटलंत तर वेडसर तुम्ही दोघी. तो उद्या म्हणेल, उन्हात भोवळ आली, काय बरळलो ते आठवत नाही. आणि त्याला खुनाशी जोडायला माझ्याकडे कणभर वस्तू नाही. नखांत काही असतं तर—"

"होता," बर्था म्हणाली.

बर्था टेबलाकडं बघत बोलली, आणि एकदा सुरुवात केल्यावर थांबली नाही.

"मिस्साला जायच्या आधी डायना पाव पाव तास लिंबू चोळायची हाताला. वास येता कामा नये तिला. मी पहिली पोचले तिच्यापाशी. पोलीस यायला तास होता. मला वाटला, हिला अशा हातांनी कशी पाठवू देवापुढं. मी घरातून लिंबू आनला, पानी आनला, हात धुतले. केसातली पिन काढून नखं कोरली. त्यात होता. पातळ, लालसर, पापुद्र्यासारखा. मला मच्छी वाटली. आमच्या नखांत दुसरा काय असतो, मॅडम? सातव्या दिवशीच्या मिस्साला माझ्या ध्यानात आला. बोंबलाला असा पापुद्रा नसतो. तो मी वाळूत पुसला होता."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मी धुतला म्हनून सुटला तो. कसा सांगू?"

विनया मॅडमनी पेनाला टोपण लावलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बर्थाला बरं वाटलं असतं.

शॅनन परत येताना रिक्षात तिच्यापासून लांब बसली. घरी आल्यावर आतल्या खोलीत गेली. दोन दिवस तिने मावशीशी एक शब्द काढला नाही, आणि बर्थाने मागितला नाही. सोमवारी वलांडीवर सगळे जबडे दर्याकडं होते. पहिल्या दोरापासून शेवटच्यापर्यंत. बर्थाने दोनदा तपासलं. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण आलोशियसने रिक्षात सोडलेली ती मोकळी जागा तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

८

मंगळवारी दुपारी शॅनन स्वयंपाकघरात आली, पाट ओढला आणि म्हणाली, "वाढ."

बर्थाने भात वाढला, बोंबलाचं कालवण वाढलं. शॅनन उजव्या हाताने भात कालवायला लागली. तिचे डोळे सुजलेले होते. "मी असते तरी धुतले असते," ती ताटाकडं बघत म्हणाली. एवढंच. बर्थाला भांड्याचं झाकण लवकर सापडेना.

तेवढ्यात बर्थाचा फोन वाजला. आलोशियस.

"बर्था, तुझी पोर इथं आलीय."

"कोन?"

"शॅनन, दुसरी कोन? सकाळी उठलो तर किचनमध्ये उभी. चावी नाय दिलेली मी, बेल नाय वाजली. पाठ करून उभी हाय. बोलत नाय, वळत नाय. नळ सोडलाय आणि हात धुते. पाच तास झाले."

त्याच्या आवाजामागं खरंच पाणी पडत होतं, स्टीलच्या भांड्यावर पडतं तसं, एकसारखं. बर्थाने समोर बघितलं. शॅनन बोंबलाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवत होती.

"तिला सांग, पुरे कर म्हनून," तो म्हणाला. "तुझा ऐकते ती. तू ये आणि घेऊन जा तिला. आता ये. मी बेडरूमच्या दारापाशी हाय, पन बाहेर जायला तिच्या अंगावरून जावा लागतो."

पाणी थांबलं.

फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तो अगदी हळू म्हणाला, लहान पोरासारखा, "बर्था. नळ बंद झाला."

"कोण आहे?" शॅननने विचारलं.

बर्थाने तिच्याकडं बघितलं, हाताने जेव म्हणून खूण केली, आणि पाठ वळवून फोन तोंडाजवळ धरला.

"राहू दे तिला," ती म्हणाली. "तुलाच पाहिजे होती ना घरात."

तिने फोन बंद केला आणि शॅननच्या ताटात आणखी भात वाढला.